आतून लावलेलं दार

२०२१ साल. मी तेव्हा बाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण माझ्या बांधाचा दगड वीतभर सरकला तरी मला कळतो. सुकापूरच्या मागे टेकडीला लागून आमची थोडी वरकस, नाचणी-वरीपुरती हलकी जमीन उरली आहे. बांधापलीकडची मेव्हण्याची.

पाऊस सरल्यावर बांधाखाली मोठं बीळ दिसलं. रोज सकाळी जावं तर बीळ ताज्या मातीनं बुजवलेलं आणि जवळचं वारूळ फोडलेलं. मी म्हटलं, जनावर बीळ उकरतं, बुजवत नाही. बुजवतो तो माणूस. मेव्हणा बांध पोखरतो आणि वर माती लोटून लपवतो. तसं त्याला भर नाक्यावर सुनावलं.

"दाजी, माजी कंबर बगा. माज्यानं वाकवत नाय, आनि मी बांध उकरू?"

त्या दिवसापासून बोलणं बंद. दिवाळी आली तशी बायको काकुळतीला आली. "अवो, उद्या भाऊबीज. एकच भाऊ हाय मला. तुमी तोंड फिरवून बसलात तर तो पाटावर येल का?"

"आज चोर पकडून दावतो, मग बोल," म्हणून मी काठी घेऊन बांधावर जाऊन बसलो.

दिवस मावळला आणि बिळाच्या तोंडाशी माती आतून हलली. लांबट नाक बाहेर आलं, मागून अंगभर खवले. खवल्या मांजर! लहानपणी एकदाच पाहिलं होतं. पुढची नखं आत मुडपून ते डुलत वारुळाशी गेलं, पंज्यानं माती फोडली आणि लांबलचक जीभ आत-बाहेर, आत-बाहेर. दात त्याला नसतातच, वाळवी जिभेला चिकटते, हे मागाहून नातीनं वाचून सांगितलं. शेपटीवर पिल्लू पालथं पडलं होतं. मला खोकला आला, तशी आईनं पिल्लू पोटाशी घेतलं आणि स्वतःचा गोळा केला. मी काठी खाली ठेवली.

दिवसभर झोपायचं म्हणून बाई आतून दार लावून घेत होती. आणि मी मेव्हण्याच्या कंबरेवर आळ घेतला होता.

घरी बायकोनं विचारलं, "गावला चोर?"

"गावली," म्हटलं. "लेकुरवाळी हाय."

चुकलो म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, टोपी घातली, नाक्यावरून रिक्षा केली आणि ती थेट मेव्हण्याच्या दारात नेली. आधी त्याला बांधावर नेऊन ते बुजवलेलं बीळ दाखवलं, जनावराचं सगळं सांगितलं, आणि मग "चल, भैन ओवाळायला थांबलीय," म्हणत त्याची कंबर सांभाळून रिक्षात बसवलं.