कोयनेलचा हिवाळा

कल्याणच्या स्टेशनावर मी तारमास्तर होतो तेव्हाची ही हकिकत. पाऊस सरला, भातं कापून झाली आणि मला हिवतापाने धरलं. एक दिवसाआड यायचा. आधी पाठीच्या कण्यातून थंडी निघायची, मग दात वाजायचे, मग अंगाचा फुफाटा व्हायचा, आणि शेवटी अंथरूण घामाने भिजवून तो निघून जायचा. मधल्या दिवशी मी कामावर जाई. पण दिवाळीच्या पहाटे अभ्यंगाला पाटावर बसलो तो मला उठताच येईना. कुटुंबाने आणि आत्याने दोन्ही बाजूंनी धरून उठवलं.

रेल्वेच्या डॉक्टरने पोट चाचपून पाहिलं. "पानथरी वाढली आहे," तो म्हणाला. "होळीपर्यंत रजा घ्या. तापावरचं कोयनेल चुकवू नका. सकाळी उन्हात बसा. भात बंद. दूध आणि डबल रोटी घ्या."

रजा मिळाली. कोयनेलच्या पुड्या मिळाल्या. ऊन तर फुकटच होतं. अडलं ते डबल रोटीपाशी.

घरात आम्ही तिघंच. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. सोवळंओवळं तिच्याइतकं कडक आमच्या आळीत कुणाचं नव्हतं. कुटुंब अजून विशीतही नव्हतं, आणि आत्यापुढे मान वर करून बोलल्याचं मला आठवत नाही.

"त्या स्टेशनापलीकडच्या भट्टीतला पाव?" आत्या म्हणाली. "पायाने कणीक तुडवतात म्हणे! मी जिवंत आहे तोवर ते या घरात यायचं नाही. भात नको तर नको. ज्वारीची कण्हेरी देईन."

वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत कशाचीच ताकद नव्हती. कुणी काही विचारलं तर हो म्हणणं आणि नाही म्हणणं यांतलं ज्याला कमी श्वास लागेल ते मी म्हणत असे.

संध्याकाळी कुटुंब काढा घेऊन आलं आणि हळूच म्हणालं, "पाव असतो तरी कसा?"

मी गार्डसाहेबाला खाताना पाहिलं होतं. "वरून तांबूस. आत मऊ, आणि भोकंच भोकं."

"भोकं म्हणजे आंबलेला." तिने काढ्याचा पेला माझ्या हातात दिला. "मग तो आपल्या घरी का होऊ नये?"

पहिला पाव तिने केला तो पितळी पातेल्यात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून, नानकटाई करतात तसा. तो इतका घट्ट झाला की दुधात टाकला तर दूध संपलं पण तो काही भिजला नाही. दुसरा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा. तिसऱ्याबद्दल आम्ही कुणी काही बोललो नाही. थंडी पडली होती, कणीक फुगतच नव्हती. आत्या हे सारं पाहत होती. घरची कणीक, घरची चूल, म्हणून तिला हरकत घेता येत नव्हती; पण फुकट गेलेल्या प्रत्येक पावाला ती "अन्नपूर्णे, क्षमा कर" असं मोठ्याने म्हणे.

उन्हासाठी मी सकाळी काठी घेऊन रेल्वेच्या मैदानाकडे जाई. वाट पाच मिनिटांची, पण मी दोन ठिकाणी बसत असे. मैदानावर शनिवारी-रविवारी गोरे लोक क्रिकेट खेळत. कडेला बांधावर एक आगरी म्हातारा म्हैस चारत बसलेला असे. ती जागा पूर्वी त्याच्या भावकीचं शेत होती, असं त्याने एकदा सहज सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस कुठून येतो ते सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

"मास्तर," पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "यो खेल कवा सपतो?"

"मलाही नक्की ठाऊक नाही."

"मंग जिकला कोन, ते कसा कलतो?"

"तेही मला कळत नाही."

"बरा हाय," म्हातारा म्हणाला आणि तंबाखूची चंची सोडली. "आपल्याला तरी कंची घाई हाय?"

त्या दिवसापासून आम्ही शेजारी बसू लागलो. एक गोरा पळत येऊन चेंडू टाकी, दुसरा तो फळीने मारी, बाकीचे मधेच टाळ्या वाजवत. म्हातारा त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवी, आणि मी म्हाताऱ्याकडे पाहून. एका रविवारी चेंडू गडगडत आला तो थेट म्हशीच्या पायांत. म्हशीने त्याचा वास घेतला आणि ती त्याच्यावरच बसली. दोन साहेब धावत आले आणि तिची शिंगं पाहून लांबच थांबले. एकाने म्हाताऱ्याला हाताने खूण केली, उठव म्हणून.

म्हातारा जागचा हलला नाही. "उठल तिच्या मनानं," तो मला म्हणाला. "आताशीच बसलीय."

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांतला एक जण टोपी तोंडावर घेऊन गवतात आडवाच झाला. दुसऱ्यानेही बसकण मारली. सगळं मैदान म्हशीसाठी थांबलं. मला हसू आलं, आणि हसल्याबरोबर डाव्या बरगडीखाली पानथरी अशी दुखली की मी पोट धरून वाकलो. तरी हसू थांबेना. दिवाळीनंतरचं ते माझं पहिलं हसणं.

दुपारी मात्र दिवस जाता जात नसे. कोयनेलने कान बधिर झाले होते. आत सारखं काहीतरी टकटकत असे, तारेच्या यंत्रासारखं. सवयीने मी त्यातून अक्षरं लावू पाही आणि अर्थ काहीच निघत नसे. वाचायला घेतलं तर ओळी पाण्यावर ठेवल्यासारख्या हलत. गावातल्या पुस्तकालयातून आणलेली एक जाड कादंबरी उशाशी तशीच पडून होती.

"तू वाच," एक दिवस मी कुटुंबाला म्हटलं. लग्नानंतर तिला वाचायला मीच शिकवलं होतं. आत्याला ते पसंत नव्हतं, म्हणून ती एकटी असली की ओठांत वाची. तशीच ती आता वाचू लागली. तिचे ओठ हलत होते एवढंच मला दिसत होतं.

"मोठ्याने."

तिने आवाज थोडा चढवला. "आता इकडे ऐकू येतंय का?"

"अजून मोठ्याने."

असं करता करता ती इतक्या मोठ्याने वाचू लागली की समोरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी येऊन उभं राहिलं. आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, साऱ्या आळीला ऐकू जातंय! बाईमाणसाने वाचायचं ते असं, दवंडी पिटल्यासारखं?"

कुटुंबाने पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "आत्या, मला ऐकूच येत नाही गं. हिने हळू वाचून काय उपयोग?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. माझी तेव्हा काय अवस्था होती ते तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. "मग दार तरी लावून घ्या," ती म्हणाली.

दार लावलं की खोलीत अंधार होई आणि थंडीही वाजे. दोन दिवसांनी दार अर्धं उघडं राहू लागलं. मग आत्या वालाच्या डाळिंब्या सोलायला उंबऱ्याशी येऊन बसू लागली. "इथे उजेड बरा आहे," असं तिने कुणी न विचारता सांगितलं. आठवडाभरात शेजारच्या दोघीतिघी आपापले भिजवलेले वाल घेऊन ओटीवर आल्या. कादंबरीतला राजपुत्र आपल्या बायकोला अरण्यात झोपलेली टाकून निघून गेला तेव्हा आत्या सोलता सोलता "मेला!" असं ठसक्यात म्हणाली, आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांनीच ऐकलं होतं. ओटीवरून एक बाई म्हणाली, "ते परत वाच गं, तिला जाग येते ते." कुटुंबाने परत वाचलं. मी डोळे मिटून पडलो होतो. मला अर्धंमुर्धंच ऐकू येत होतं, पण तिच्या आवाजातली भीती गेलेली मला कळत होती.

पौषात देवळाच्या सभामंडपात भिंगाच्या दिव्याचा खेळ आला. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्यापुढे धरायची आणि ती मोठी होऊन पडद्यावर उमटायची. कुटुंबाला मी नेईन असं कबूल केलं होतं. तापाचा तो दिवस नव्हता. पण दुपारी नखं निळी पडू लागली आणि मला कळलं, आज तो पाळी मोडून येणार.

"मी नाही जात," ती म्हणाली.

"जा. आत्याबरोबर जा. मी काय, नुसता पडून राहणार."

"मी आपली देवाची चित्रं आहेत म्हणून जाणार," आत्या म्हणाली. तिने लुगडं केव्हाच बदललं होतं.

निघण्यापूर्वी कुटुंब पातेलं घेऊन माझ्याजवळ आलं. मैदा आंबट दह्यात कालवून तिने दोन दिवस ठेवला होता आणि तो घालून सकाळी दुधात कणीक भिजवली होती. पण हवेत गारठा होता. तोवर माझी थंडी जाऊन ताप चढला होता. दोन गोधड्यांखाली मी भाजत होतो. ती पातेलं धरून तशीच उभी राहिली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "इकडे अंगात ऊब आहेच... म्हणजे मला तसं नव्हतं म्हणायचं."

"ठेव," मी म्हटलं. दुसरं काही बोलायला जीभ उचलत नव्हती. तिने फडक्यात बांधलेलं पातेलं माझ्या गुडघ्यांपाशी गोधडीत सरकवलं, कपाळावर ओली घडी ठेवली आणि ती गेली.

दिवेलागण उलटून गेल्यावर त्या परतल्या तेव्हा मला घाम येऊन गेला होता. दोघी एकदम बोलू लागल्या.

"वाघाने काय उडी मारली!" कुटुंब म्हणालं. "पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत!"

"उडी कसली? आधी इकडे होता, मग तिकडे होता," आत्या म्हणाली. "मधे नुसता काळोख."

"त्या काळोखातच मारली ना, आत्याबाई."

"मला नाही दिसली. जहाज मात्र छान होतं. बुडताना रडू आलं मला."

"ते बुडालं नाही! ते लांब गेलं, म्हणून लहान दिसलं."

आत्याने पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं झालं बाई, बुडालं नाही ते." मला त्यांचं बोलणं ऐकत राहावंसं वाटत होतं, आणि कूस बदलून झोपावंसंही वाटत होतं. मी पातेल्याकडे बोट दाखवलं.

कणीक फुगून फडकं वर उचलून बसली होती. कुटुंबाने बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि हळूहळू भरून आला. ती तिकडे पाहतच राहिली.

"अंथरुणातली!" आत्या म्हणाली. "आजारी माणसाच्या ओवळ्यात ठेवलेली!" मग पातेल्यात डोकावून, "कशात भिजवलीस?"

"दुधात, आत्याबाई."

"पाण्याचा थेंब?"

"नाही."

आत्या पाटावर बसली. पाणी न घातलेल्या पदार्थाला ओवळं लागत नाही, हा नियम तिचाच होता. "दुधात भिजवलेली दशमी लोक आगगाडीत बसून खातात, कुणाकुणाच्या शेजारी," ती म्हणाली. "तिला चालतं तर हिलाही चालेल. मी नाही खाणार. त्याला दे."

सकाळी पाव झाला. एका अंगाला करपला होता, बुडाशी चिकट होता. पण मधे मऊ होता आणि भोकंच भोकं होती. मी दुधात बुडवून दोन तुकडे खाल्ले आणि दमून आडवा झालो. चवीचं मला काही सांगता येणार नाही; कोयनेलने तोंड इतकं कडू झालं होतं की साखरही मला मातीसारखी लागे. पण पोटात गेलेलं तिथेच राहिलं. पुढचे काही आठवडे ती असंच करी. माझा ताप कमी होत गेला तशी कणीक फुगेनाशी झाली, तेव्हा तिने पातेलं चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायला सुरुवात केली. तिथे कणीक बऱ्यापैकी फुगे.

शिमग्याच्या आधी मी कामावर रुजू झालो. पहिल्या दिवशी यंत्रावर हात चालेना; चुका झाल्या, वरिष्ठ टाकून बोलले. तो थकवा पुढे कधी पुरता गेला नाही. दर थंडीत तो थोडा परत येई. मी त्याच्याशी भांडणं सोडून दिलं.

रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या सुटीला दुपारी मी ओटीला लागून असलेल्या खोलीत पडलो होतो. कुटुंबाने पुस्तक उघडलं आणि नेहमीसारखं खणखणीत सुरू केलं. कोयनेल बंद होऊन माझे कान मोकळे झाले होते.

"आता हळू वाचलंस तरी चालेल," मी म्हटलं. "मला येतं ऐकू."

"तुला येत असेल," आत्या उंबऱ्यावरून म्हणाली. "ओटीवरच्या बायकांना यायला नको? वाच गं तू."

कुटुंबाने माझ्याकडे पाहिलं नाही. आवाज आणखी थोडा चढवून तिने पुढचं पान वाचायला घेतलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ऐकता ऐकता झोपी गेलो.

उन्हाळ्यात माझी खडवलीला बदली झाली. ती कादंबरी त्याआधीच वाचून संपली होती. तिचा शेवट काय झाला ते मला पुढे एकदा आत्यानेच जेवायला वाढताना सांगितलं.