नवनाथभाऊंचा गंज

रहाटणीतल्या आमच्या गल्लीत नवी गाडी आली, की मालक आधी नवनाथभाऊंच्या दाराला कुलूप आहे का ते बघतो. गेल्या दसऱ्याला शेजारच्या रंगरावांच्या गाडीपुढं नारळ फुटायच्या आत भाऊ गुडघ्यांवर बसले आणि दाराखाली रंगात अडकलेला धुळीचा दाणा दाखवून मोकळे झाले. रंगरावांनी पेढा दिला, पण हात आखडून. काय करणार? चाकणच्या मोटारींच्या कंपनीत तीस वर्षं पेंट शॉप! ट्यूबलाइटखाली डाग हुडकायचा आणि घालवायचा, एवढंच काम.

रिटायर झाले आणि भाऊंना सिनेमात काम मिळालं. पडद्यावर नव्हे हो! चाकणमधल्या एका रिकाम्या शेडमध्ये, वीस वर्षं बंद पडलेल्या कारखान्याचा सेट उभा राहत होता. प्लायवूडचं भलंमोठं गेट तयार होतं. त्याला भाऊंनी गंज चढवायचा.

"जन्मभर गाड्या चकचकीत केल्या, आता घाण करायला निघालात व्हय?" जयमालावहिनींनी डबा भरता भरता टोला हाणलाच.

दुपारपर्यंत भाऊंनी गंज रंगवला. सगळे ठिपके एका मापाचे, दोन ठिपक्यांत चार बोटं अंतर, कडा रेखीव. सेटची सगळी जबाबदारी उत्कर्षाकडं. वयानं भाऊंच्या मुलीएवढी. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"काका, हा गंज नाही, पैठणीची बुट्टी आहे. पाचला शॉट आहे. चारपर्यंत जमलं नाही, तर मी दुसरा पेंटर बोलावते."

तीस वर्षांत भाऊंचं काम कुणी परत पाठवलं नव्हतं. कान तापले. डबा तसाच राहिला. गेटसमोर फतकल मारून ते विचार करू लागले. खऱ्या गेटवर पाणी साचेल कुठं? बोल्टाखाली. वेल्डिंगच्या कोपऱ्यात. तळाला, पत्रा दुमडतो तिथं. गंजाच्या ज्या वाटा बुजवण्यात सगळी नोकरी सरली, त्या भाऊंना तोंडपाठ होत्या! त्यांनी ठिपके पुसले. भुसा, डिंक आणि काव कालवून स्पंजानं नेमक्या जागी थापली, बोल्टांखालून तांबडे ओघळ सोडले, पंखा लावून सगळं वाळवलं. मधला भाग मात्र उन्हानं विटल्यासारखा फिका निळा ठेवला.

चारला उत्कर्षा आली. गेटकडं बघत तिनं फोन लावला आणि दुसऱ्या पेंटरला "येऊ नका" एवढंच सांगितलं.

पाचला हिरो आला. त्याला गेटला टेकून रडायचं होतं. दोन पावलं अलीकडंच थबकला.

"उत्कर्षा, आधी टिटॅनसचं इंजेक्शन मागव. मग टेकतो."

"अरे, प्लायवूड आहे ते!"

"मला येड्यात काढू नकोस."

सगळं युनिट खदखदून हसलं. तेव्हा भाऊ पुढं आले; छाती अशी काढलेली, की शर्टाची बटणं ताणली.

"बिनघोर टेका, साहेब," ते म्हणाले. "तुमाला काय बी व्हत न्हाई. फकस्त माझ्या गंजाला ओरखडा पाडू नका."