शेततळ्याच्या पन्नीवरचे ओरखडे

त्या शेततळ्याची घटना आजही आठवली की मला स्वतःचाच राग येतो. मी तेव्हा आर्वीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. फवारणीसाठी पाणी आणायला गेलेली एक बाई शेततळ्यात बुडाली. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी ठाण्यात निनावी चिठ्ठी आली: आदल्या दिवशी भांडण झाले होते, नवऱ्यानेच ढकलले. पंचनाम्यात तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीवर नखांचे ओरखडे दिसले, बाईच्या बांगड्याही फुटलेल्या होत्या. झटापट झाली असणार, हे मी तिथेच ठरवून टाकले. अनुभवी माणसाला असा भलताच आत्मविश्वास असतो.

नवऱ्याला तीन दिवस ठाण्यात बोलावले. सकाळी यायचा, संध्याकाळी सोडायचो. भांडण त्याने लगेच कबूल केले, ढकलल्याचे नाही. मी तेच तेच विचारत राहिलो. तेवढ्यात गावाने त्याला खुनी ठरवले आणि सासू-सासऱ्यांनी त्याची सहा वर्षांची मुलगी नेली.

चौथ्या दिवशी तळ्यात राहिलेली त्या बाईची बादली काढायला आमचा हवालदार काठावर उतरला आणि घसरून आत पडला. चांगला पोहणारा, धडधाकट माणूस. पण पन्नी शेवाळलेली. अर्ध्यावर यायचा आणि पुन्हा पाण्यात जायचा. शेवटी आम्ही दोर टाकून त्याला ओढले. पन्नीवर त्याच्या नखांचे ताजे ओरखडे उठले होते, अगदी तसेच.

शवविच्छेदनातही मारहाणीची खूण नव्हती. तुझ्यावर आता संशय नाही, असे मी नवऱ्याला सांगितले. तो जागचा हलला नाही.

"साहेब, तीन दिवस तुमी मले इचारलं, कोनं ढकललं. ती बाहेर काऊन नाई निघाली, हे कोनीच इचारलं नाई."

त्या संध्याकाळी मी मर्ग रजिस्टर काढले. वर्षभरात अशाच तळ्यांत एक शाळकरी मुलगी आणि एक सालगडी गेले होते. दोन्ही नोंदींखाली माझीच सही: पाय घसरून बुडाले, घातपाताचा संशय नाही. दोषी कोणी नाही म्हणजे आपले काम संपले, हीच आमची रीत. तीन मृत्यू एकाच कारणाने झाले, हे मला सहज दिसायला हवे होते.

त्याच आठवड्यात पोलीस पाटलांना घेऊन हद्दीतले प्रत्येक तळे पालथे घातले. काठावर खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यात सोडला, हवा भरलेली ट्यूब ठेवली, कुंपणासाठी शेतकऱ्यांच्या मागे लागलो. बुडणाऱ्यामागे उडी मारू नका, दोर फेका, असे शाळाशाळांत सांगितले. माझी बदली होईपर्यंत शेततळ्यातला मर्ग पुन्हा आला नाही. लोक कौतुक करत. मला ते नकोसे व्हायचे.

दोर बांधून होताच त्या सहा वर्षांच्या मुलीच्या आजोळी मी स्वतः गेलो होतो. जावई निर्दोष आहे, चूक माझी झाली, हे सांगितले. दोरांचेही सांगितले. आजीने सगळे ऐकून घेतले, नातीला बापाकडे पाठवायला कबूल झाली. मग तिने विचारले,

"एक दोर बांधायले किती वेळ लागते, साहेब?"

"पंधरा मिनिटं," मी म्हणालो.