अक्काचं सार

"मॅडम, झालं."

मी अजून पेनाचं टोपणही काढलं नव्हतं. समोर अरविंद जाधव रिकामा डबा पुढे सरकवून बसले होते. दोन भाकऱ्या, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, वर शेंगाची चटणी. सगळं गेलं होतं. घरचं जेवण घेऊन या आणि माझ्यासमोर जेवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी एवढ्या आज्ञाधारकपणे जेवून दाखवलं की मला काही बघताच आलं नाही.

"चावलंत का?" मी विचारलं.

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "वांगं तसं मऊच होतं."

मी डाएटिशियन आहे. हुबळीत देशपांडे नगरच्या एका हॉस्पिटलमध्ये काम करते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला, म्हणजे बॅरियाट्रिक सर्जरीला, येणारे पेशंट आधी माझ्याकडे पाठवतात. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की वजन आपोआप उतरतं. पण ऑपरेशनमध्ये पोटाच्या पिशवीचा मोठा भाग काढून एक अरुंद नळी ठेवतात. त्या नळीत घाईनं घास ढकलले की ते उलटून येतात. म्हणून जेवायचं कसं हे आधी शिकावं लागतं. घास बारीक चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. डाळ, अंडं, पनीर आधी, भात मागून. पोट भरल्याचं कळलं की हात थांबवायचा. सांगायला सोपं आहे. पन्नाशीच्या माणसाला जेवायला शिकवणं हा वेगळाच उद्योग असतो.

अरविंदरावांचं तारिहाळला मशीन शॉप. पंपाचे भाग बनतात तिथे. साखर इन्शुलिनवर गेलेली, रात्री घोरताना श्वास अडकायचा, त्यामुळे दिवसा डोळा लागायचा. एकदा ते चालू लेथसमोर उभ्या उभ्या पेंगले. मिस्त्रीनं मागून शर्ट धरून ओढलं म्हणून हात वाचला. त्या दिवसापासून स्वतःच्याच कारखान्यात त्यांना मशीनजवळ कुणी उभं राहू देईना. काचेच्या केबिनमध्ये बसून ते आपल्याच मशीनकडे बघत बसायचे. हे त्यांना साखरेपेक्षा जास्त लागलं होतं.

लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या भावंडांची लग्नं लावता लावता राहून गेलं. केशवापूरच्या घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, शांताक्का. अक्का तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आल्या आणि तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांचं.

पेशंट म्हणून अरविंदराव उत्तम होते. मशीनवरचा माणूस. माप सांगितलं की माप पाळायचं. चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी बंद म्हटल्यावर बंद. संध्याकाळी ज्या गाड्यावर ते रोज थांबायचे, तो गाडेवाला त्यांची तब्येत विचारायला कारखान्यात येऊन गेला. चावणंही जमलं. भावाच्या घरी वास्तुशांत होती, तिथे पंगतीत होळगी, म्हणजे पुरणपोळी, वाढायला आले तर यांनी पानावर आडवा हात धरला. काका रागावले, मामी रुसल्या, पण हात हलला नाही. वजन उतरायला लागलं.

मग ऑपरेशनआधीचा शेवटचा पंधरवडा आला. यात फक्त पातळ पदार्थ. डाळीचं सार, ताक, सायीशिवायच्या दुधातलं प्रोटीनचं पेय. याचं कारण लिव्हर. जाड माणसाच्या लिव्हरमध्ये चरबी साठते, ते फुगतं आणि नेमकं पोटाच्या पिशवीवर पसरून बसतं. सर्जनला दुर्बिणीतून खालचं काही दिसत नाही. पंधरा दिवस खाणं उतरवलं की लिव्हर आकसतं. फिजिशियननं त्या बेतानं इन्शुलिनही कमी करून दिलं.

मधल्या भेटीला अरविंदराव खुशीत आले.

"लोक उगाच म्हणतात मॅडम, डाएट बेचव असतं. मला तर आवडायला लागलंय."

मी वजन केलं. उतरलं नव्हतं, उलट थोडं चढलं होतं. साखरही वर. सोनोग्राफीत लिव्हर होतं तसंच.

आमच्या सर्जनसरांनी रिपोर्ट बघितला आणि मला आत बोलावलं.

"तुमचा पेशंट खातोय."

"सर, तो खोटं बोलणारा माणूस नाही."

"सगळेच म्हणतात आम्ही काही खात नाही. मी आत कॅमेरा घालणार आणि समोर हे असलं लिव्हर. तारीख पुढे ढकला. पुढच्या वेळीही असंच असेल तर मला ऑपरेशन करायचं नाही."

बाहेर येऊन अरविंदरावांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, "कारखान्यात सगळ्यांना तारीख सांगून ठेवलीय. आता काय सांगू? चोरून खाल्लं म्हणून सांगू?"

"खाल्लंत का?"

"देवाशप्पथ नाही."

माझा विश्वास होता, पण वजनकाट्याशी भांडता येत नाही. तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला स्टीलचा डबा दिसला. इथून थेट तारिहाळला जायचं म्हणून दुपारचं सार बरोबर होतं. मी तो उघडायला लावला. माझ्या केबिनचा एसी एकाच गतीनं चालतो, ती म्हणजे कडाक्याची थंडी. त्यात सार चांगलंच गार झालं होतं. वर पिवळसर पांढरा थर गोठला होता. मी चमचा टोचला तर तो पापडासारखा मोडला.

"हे काय?" अरविंदरावांनी विचारलं.

"तूप."

त्यांनी मोडलेला तुकडा चमच्यानं उलटून बघितला. मग म्हणाले, "आणि ते प्रोटीनचं दूध गोड लागतं. मला वाटलं पावडरच तशी असेल."

"अक्कांना उद्या घेऊन या."

"तिला काही बोलू नका, मॅडम. आई गेल्यापासून तिनंच केलंय आमचं सगळ्यांचं. वाईट वाटून घेईल."

दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. इलकल साडी, हातात पिशवी. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी मलाच विचारलं, "ऊट आत?" म्हणजे जेवण झालं का. मी हो म्हटल्यावर बसल्या. मी सावधपणे विषय काढायच्या बेतात होते. साराचं नाव काढताच गरज उरली नाही.

"होय, मीच घालते तूप. दुधात खजूर वाटून घालते. न घालून कसं चालेल? पोट कापणार आहात त्याचं. अंगात ताकद नको?"

"अक्का..." अरविंदराव म्हणाले.

"तू गप." मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या यजमानांना ऑपरेशनला नेलं होतं. आधी असंच नुसत्या पेजेवर ठेवलेलं. अंगात काही उरलंच नव्हतं. ते परत आले नाहीत. ह्यालाही तसाच पाठवू?"

अरविंदरावांना हे कारण माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

यजमानांना काय झालं होतं ते मला कळणं शक्य नव्हतं. मी कागद घेतला. पोटाची पिशवी काढली, तिच्यावर लिव्हर काढलं.

"हे जड लिव्हर डॉक्टरांना उचलून बाजूला धरावं लागतं. चरबी भरलेलं लिव्हर ठिसूळ असतं. धरताना फाटू शकतं. तूप आणि खजूर यांच्या अंगातल्या ताकदीला जात नाहीत, अक्का. इथे जातात."

"फाटलं तर?"

"रक्त जातं. मग पोट मोठं उघडावं लागतं."

अक्कांनी तो कागद स्वतःकडे ओढला. पदर हातात गुंडाळला, सोडला.

"अरू, तुला चव कळली नाही? मला विचारायचं तरी."

"मला वाटलं तुझ्या हातचंच तसं लागतं."

अक्कांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. पदरानं डोळे पुसून त्यांनी वेगळंच विचारलं.

"नंतर हा एवढुसं खाणार ना? वाटीभर. मग मी घरात करू काय?"

हा प्रश्न आमच्या कुठल्याच चार्टमध्ये नाही. मी खरं तेच सांगितलं. ऑपरेशननंतर यांना दर थोड्या वेळानं घोट घोट द्यावं लागेल. आधी गाळलेलं, मग वाटलेलं, मग मऊ. एकदा स्वयंपाक करून भागायचं नाही, दिवसभर चुलीशी जावं लागेल. आणि समोर बसून बघायला लागेल की हे घटाघटा पीत नाहीत. हे काम हॉस्पिटल करू शकत नाही.

"एवढं असतं?" त्या सावरून बसल्या. "मग नीट सांगा. डाळ कुठली चालेल?"

पुढच्या तासाभरात त्यांनी जेवढे प्रश्न विचारले, तेवढे मला कुठल्याही परीक्षेत आले नव्हते.

सरांकडून दुसरी तारीख मिळवायला मला थोडं भांडावं लागलं. तो नवा पंधरवडा अक्कांनी चालवला. तूप कपाटात गेलं. त्याच्यासमोर बसून भाकरी गिळवत नाही म्हणून अक्काही सारच प्यायल्या. मी त्यांना तसं करू नका म्हणून फोनवर सांगितलं. "संध्याकाळी शेजारी जाऊन जेवते," म्हणाल्या. सोनोग्राफीत लिव्हर आकसलं होतं. सरांनी माझ्याकडे बघत रिपोर्टवर सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी अक्का ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मी दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा तो गार झाला. सर बाहेर आले.

"झालं. लिव्हरनं काही त्रास दिला नाही."

"पोट मोठं कापलं?"

"नाही अक्का. बारीक भोकांतूनच झालं."

अक्कांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "पहिला घोट कधी द्यायचा?"

आता अरविंदरावांचं इन्शुलिन बंद आहे. दिवसा झोप येत नाही. काचेची केबिन त्यांनी हिशेबनिसाला देऊन टाकली आणि स्वतः पुन्हा लेथवर उभे राहतात. अक्कांची एकच तक्रार आहे, त्याचे जुने शर्ट कुणाला द्यावेत तर त्या मापाचं कुणी भेटत नाही.

मी मात्र तेव्हापासून पहिल्याच भेटीत वजन, साखर, औषधं यांच्याआधी विचारते, घरी स्वयंपाक कोण करतं. पुरुष पेशंट बहुतेक वेळा म्हणतात, "घरीच होतो." मी सांगते, घर स्वयंपाक करत नाही, माणूस करतो. त्या माणसाला घेऊन या, मग आपण सुरू करू.