शेषरावचं नाव वहीतून कमी करताना

शेषराव गेल्याचं मला पिठाच्या गिरणीत कळलं. गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला आणि म्हणाला, "आबा, तुमचे सेक्रेटरी गेले." मी दळण घरी ठेवलं आणि त्याच्याकडं गेलो. चार महिन्यांपासून आमचं बोलणं बंद होतं. पण मयतीला जायला बोलणं लागत नाही... आता महिना झालाय. लोक म्हणतात, तुम्ही जुने दोस्त, दोन शब्द लिहा. मी तिसरी शिकलेला माणूस. तरी मीच लिहिणार. दुसऱ्यानं लिहिलं तर तो मला सांभाळून घेईल, आणि ते मला नको.

आमच्या गावात भांडी मंडळ होतं. लग्नाकार्याची मोठी पातेली, पराती, हंडे आम्ही तरुणपणी दारोदार फिरून जमवले. मी अध्यक्ष, शेषराव सचिव. तो तहसीलात कारकून, म्हणून परभणीला खेटे घालून मंडळ रीतसर नोंदवून आणलं. पाटलाच्या मांडवात जे पातेलं चढायचं तेच बौद्धवाड्यातही चढायचं. त्यावरून सुरुवातीला लय वाजलं, पण आम्ही दोघं हटलो नाही. पुढं मंगल कार्यालयं आली, जेवणाचे ठेकेदार आले, भांडी कोणी नेईना. शेषराव म्हणाला, मंडळ बंद करू. भांडी वाटून मिळतील म्हणून लोक खूश झाले. एकानं तर परात ठेवायला घरात फळीसुद्धा ठोकून घेतली. शेषरावनं सगळ्यांना बसवून सांगितलं की बंद करायचं तर त्यासाठीच सभा बोलवावी लागते, पाचांतल्या तिघांचा तरी हात वर व्हावा लागतो, आणि उरलेल्या मालातला चमचाही सभासदाच्या घरी जात नाही. तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा, आणि कोणत्या तेही सभेनंच ठरवायचं. त्याच्या मनात परभणीचं मुलींचं एक वसतिगृह होतं. तिथं भांडी अपुरी, स्वयंपाक तीन खेपांनी व्हायचा.

अडचण निघाली ती आमच्या वहीत. नावं चाळीस, त्यातली चोवीस माणसं वारलेली. आम्ही कधी कोणाचं नाव कमीच केलं नव्हतं. हजेरीत गेलेल्याचं नाव आलं की सगळ्यांनी मिळून "हाजिर" म्हणायचं, ही रीत मीच पाडलेली. पण मेलेले धरले तर चोवीस हात पाहिजेत, आणि जिवंत आम्ही सोळा. मग शेषराव घरोघर फिरला. चहा घ्यायचा, मृत्यूचा दाखला मागायचा, वहीतल्या नावावर एक रेघ ओढायचा. माझ्या थोरल्या भावाचा दाखला पुतण्यानं देऊन टाकला. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

सभेत दहा हात पाहिजे होते, नऊ झाले. शेषरावनं माझ्याकडं पाहिलं.

"किसना, हात वर कर."

"माझ्या भावाला काटून माझा हात मागायलास?"

"मी कुठं काटलं? तो गेला, तेवढं लिहिलं."

"मग लिही, मीबी गेलो."

"दाखला आण, लिहितो."

सगळे हसले. मी चपला घातल्या आणि निघून आलो. ठराव बारगळला. पुढं तो आजारी पडला. वसतिगृहवाल्यांना थोडं थांबा म्हणून निरोप धाडायलाय, हे माझ्या कानावर यायचं. मी भेटायला गेलो नाही. जायला पाहिजे होतं, असं लोक म्हणतात... म्हणोत.

तेरवी झाल्यावर त्याचा मुलगा वही आणि दाखला घेऊन आला. म्हणाला, "बापूंनी सांगितलं होतं, माझा दाखला मिळाला की आधी किसनकाकाला दे." मी विचारलं, आणखी काय म्हणाला? तो म्हणाला, "एवढंच. आणि तुमच्याकडचा चहा पिऊन ये म्हणाले."

मुलाचा चहा होईस्तोवर मी शेषरावच्या नावावर रेघ ओढली. ती वाकडी आली.

आता वहीत पंधरा राहिले. नऊ हात पाहिजेत. त्याच्या बाजूच्यांतले उरलेले आठ, आणि नववा कोण ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. रविवारी शाळेच्या वर्गात सभा भरली. मंडळ बंद, भांडी वसतिगृहाला, असा ठराव वाचला गेला. मी हात वर केला. मग ध्यानात आलं, मोजायला कोणी नाही. ते काम शेषरावचं. पेनाचं टोक एकेकाकडं करत तो मोजायचा, आणि स्वतःला सगळ्यात शेवटी धरायचा. मी उजवा हात वर ठेवून डाव्या हाताच्या बोटानं मोजत गेलो. आठ झाले... मग बोट माझ्याकडं वळवलं.