दातावर घासलेला मोती

मोठ्या बहिणीचं लग्न मसुऱ्याला झालं, तेव्हा मांडवातच तिच्या सासूनं आमच्याकडची नथ पुढच्या दातावर घासली. आमच्याकडे बायका मोती असाच पारखतात. बुळबुळीत लागला तर काचेचा, करकरला तर खरा. सासू म्हणाली, "करकरता. खरो आसा." वरात निघाली.

पावसाच्या तोंडावर सासरी नथीची तार तुटली. सोनारानं मोती सुटे करून भोकातून पाहिलं आणि सांगितलं, हे बसऱ्याचे, समुद्रात आपसूक झालेले, नव्हेत; कल्चरचे आहेत. शिंपल्यात मणी घालून वाढवलेले. दाताला हेही करकरतात, दात फक्त काच ओळखतो. बाबांनी ते मुंबईहून बसऱ्याचे म्हणूनच आणले होते.

दुसऱ्या दिवशी धाकटा दीर आपल्या आईचा निरोप आणि बहिणीला घेऊन आमच्या अंगणातल्या खळ्यात उभा. "आवय म्हणता, खोट्या मोत्याची सून आमका नको." वळकटी पडवीत टाकून तो निघूनही गेला.

तिला पाणी कुणी विचारलं नाही. आई मोत्यांसाठी रडत होती, बाबा माफी मागायला मसुऱ्याला निघाले होते. मी दारात आडवी उभी राहिले.

"कसली माफी, बाबांनू? मोती शिंपल्यानंच केलो ना? माणसान फक्त बी घातल्यान. भात तरी आपणच पेरतंव, ता काय खोटा?"

"पत्रकां वाचून माजलंस तू! पोरगी घरात बसली तर लोक काय म्हणतले?"

लोक! समतेची पत्रकं वाचल्यानं मी माजले, आणि माणसाची किंमत मोत्याच्या पोटात शोधणारे शहाणे? आणि बसऱ्याचे असते, तरी ते का मोजायचे? बाबा गेले, हात जोडून उभे राहिले, अपमान गिळून परत आले.

मग भाताची लावणी आली आणि तोच दीर पुन्हा दारात. "वयनी, चल. आवयन बोलवल्यान हा. लावणेक माणसां गावनत नाय."

"आणि नथ?" आईनं घाबरत विचारलं.

"नथ ऱ्हवांदे. कोपरभर चिखलात नथ कोण घालता?"

बाबांनी देवापुढे नारळ ठेवला. देव पावला म्हणे!

बहिणीनं वळकटी काखेत घेतली आणि दिराला पहिल्यांदाच सरळ विचारलं, "आनि लावणी सोपली काय मगे?"

त्यानं पायरीला पायाचा चिखल पुसला. "ता आवयक विचारूक व्हया."