अप्पांच्या मोटारसायकलची उलटी वरात

मोटारसायकल सुरू करून पहिला गिअर टाकला की ती पुढे जाते, अशी माझी चाळिशीपर्यंत समजूत होती. ती समजूत आयुधपूजेच्या सकाळी, म्हैसूरच्या आमच्या गल्लीत, सगळ्या शेजाऱ्यांच्या साक्षीनं दूर झाली.

गाडी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. याच गावच्या कारखान्यात जन्मलेली आणि अप्पांच्या लग्नाआधी घरात आलेली. (आई स्वतःला अजून 'धाकटी' म्हणवते!) चेनला तेल, प्लगची साफसफाई, सायलेन्सरमधली काजळी खरवडणं, सगळं अप्पा स्वतः करत. त्या वर्षी मात्र पूजेच्या आदल्या दिवशी त्यांची कंबर धरली आणि सर्व्हिसिंग राहिलं! नाइलाजानं त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"माधवा, नीट केलंस तर उद्यापासून गाडी तुझी."

हे वाक्य ऐकायला मी कॉलेजपासून थांबलो होतो.

"आणि पॉइंटला हात लावू नकोस," अप्पा खाटेवरून ओरडले.

"छे! कशाला लावतोय?"

लावला. (पॉइंट म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची ते ठरवणारा नखाएवढा भाग.) तो काळा दिसत होता, म्हणून पॉलिश पेपरनं घासला. घासताना त्याच्याखालची प्लेट सरकली. ती मी परत होती तिथं बसवली. म्हणजे साधारण तिथं. आसपास.

सकाळी गाडीला झेंडूची माळ चढली, दोन्ही चाकांपुढं लिंबं ठेवली गेली. पूजा झाली की गाडी पुढं नेऊन ती चिरडायची. आमच्या पाठीमागं, गल्लीच्या टोकाला, शेजारच्या नंजुंडप्पांची नवी कोरी कार उभी होती. तिला केळीचे खांब बांधलेले, आणि दृष्ट काढून फोडायला पुढ्यात एक भलाथोरला कोहळा. अप्पा कमरेला पट्टा बांधून माझ्यामागं बसले.

"अहो, आधी एकटेच चालवून बघा ना," माझी बायको सुमा म्हणाली.

"तू सुम्मने ऱ्हा गं, अगदी गप!"

मी किक मारली. किकनं मला मारली! नडगी चोळेपर्यंत इंजिन मात्र सुरू झालं.

"आवाज निराळा येतोय रे," अप्पा म्हणाले.

"ट्यूनिंग, अप्पा!"

पहिला गिअर टाकून क्लच सोडला. लिंबं जागच्या जागी राहिली आणि समोर आरती घेऊन उभी असलेली सुमा लहान लहान होऊ लागली.

"माधवा, आपण मागं जातोय!"

"उतार आहे, अप्पा!"

"अय्यो, गल्ली सपाट आहे!"

मग ताकद कमी पडत असणार. मी ॲक्सिलरेटर पिळला. सुमा आणखी झपाट्यानं लहान झाली! आमचे पूर्वज म्हैसूर संस्थानच्या घोडदळात होते. लढाईत मागं हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मी मात्र वडिलांना पाठीशी घेऊन, हार घातलेल्या वाहनावर, चढत्या वेगानं हटत होतो. (मध्ये मी दुसरा गिअरही टाकला. का, ते विचारू नका.) दोन रांगोळ्या गेल्या. प्रसादाच्या चुरमुऱ्यांची परात गेली. ब्रेक नावाची सोय मला आठवली तेव्हा मागचं चाक कोहळ्यावर चढलं होतं.

फटाक्!

गाडी आडवी. अप्पा आणि मी कोहळ्याच्या गरात बसलेलो. कारला ओरखडासुद्धा नाही. नंजुंडप्पांनी आम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "सार, रिव्हर्स गिअर यावाग हाकिसिदिरि?"

कधी बसवून घेतला, एवढंच त्यांना हवं होतं.

"लागलं का गं?" अप्पांचा आवाज इतका हळवा मी कधी ऐकला नव्हता.

"थोडं ढोपर, अप्पा..."

"तुला नाही विचारलं!" ते पेट्रोलच्या टाकीवरून हात फिरवत होते.

मग कंबर धरून, तिथंच खाली बसून त्यांनी इंजिनाचं झाकण उघडलं.

"पॉइंटला हात लावलास."

"थोडासा."

"ठिणगी अवेळी पडली की हे इंजिन उलटंही फिरतं. मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत तिला तसं चालवून दाखवणारा तूच पहिला."

किल्ली त्यांच्या खिशात गेली. पुढच्या रविवारपासून अप्पा गाडी शिकवायला लागले. सुमाला. आज सर्व्हिसिंगही तीच करते आणि गाडीही तिचीच आहे. मला मागच्या सीटवर बसायची मुभा आहे, पण दोन्ही हात मांडीवर ठेवून.